गारा पडला

पत्र इंग्रजीत होतं, जेमतेम सहा ओळींचं, आणि त्यातली चौथी ओळ लुंबिनीच्या डोक्यात शिरेना. नांदेडच्या कॉलेजातलं ग्रंथालय दुपारी असतं तसंच होतं. कूलरची घरघर, पंख्याखाली वहीवर गाल टेकून झोपलेल्या दोन मुली, टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. विमा कंपनीनं कळवलं होतं की लातूरच्या घराचा दावा मान्य करता येत नाही. छताचं नुकसान आपत्तीमुळे झालेलं नसून मातीच्या जुन्या गिलाव्याच्या पडझडीमुळे झालेलं आहे, आणि देखभालीअभावी होणारी झीज पॉलिसीच्या अटींत बसत नाही. तिनं चौथी ओळ पुन्हा वाचली. मातीचा गिलावा. त्या घरात माती नव्हतीच. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब होता, मागच्या स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे होते, भिंती विटांच्या. दादांनी, तिच्या वडिलांनी, ते घर घेतलं तेच मुळी त्यात माती नव्हती म्हणून. ते तहसीलमध्ये कारकून, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांना पंचनाम्याच्या कामाला औशाच्या बाजूला पाठवलं होतं. महिन्यानं ते रेणापूरला घरी परत आले तेव्हा कितीतरी दिवस जेवताना भिंतीकडे पाठ करून बसत नसत. लुंबिनी तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, दगड माणसाला मारत नाही लुंबे, दगडामधला गारा सुटला की दगड मारतो. गारा म्हणजे चिखल, दगड जोडायचा. हा शब्द तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला होता, आणि आता इतक्या वर्षांनी, मुंबईतल्या कुठल्यातरी कार्यालयातून इंग्रजीचे कपडे घालून, तो तिच्या टेबलावर परत आला होता.

हे असं का झालं ते समजायला तिला आणखी अर्धं मिनिट लागलं, तेवढंच. तिनं फोनमध्ये मागे जात जात महिन्यापूर्वी पुढे पाठवलेला अर्जाचा फोटो काढला. आखीव कागद, निळं बॉलपेन, लातूरच्या घरातल्या भाडेकरू दानम्मांचं टपोरं, काळजीपूर्वक अक्षर. 'मा. साहेबांस, आमच्या घरावर दुपारी चार वाजता मोठा गारा पडला. स्वैपाकाच्या खोलीचे सगळे पत्रे फुटले. गारा घरात आला. तरी साहेबांनी बघावे.' लुंबिनीनं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला, मग पुन्हा सुलटा केला. दानम्मा निलंग्याच्या पलीकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. पस्तीस वर्षं मराठीत राहूनही त्यांची वीज 'जातो' आणि डबा 'भरली' होते. त्यांच्या गारा आभाळातून पडल्या होत्या, पण क्रियापद पुल्लिंगी लागलं आणि मुंबईत बसलेल्या कुणा मराठी माणसानं, बहुधा शब्दकोश उघडून, प्रामाणिकपणे, त्या गारांचा चिखल केला. त्याची चूक म्हणावी तर त्यानं व्याकरण बरोबर वाचलं होतं. 'गारा पडला' म्हणजे गिलावा पडला. 'गारा पडल्या' असं असतं तर गारपीट. एका जोडाक्षरावर छत गेलं. आणि जी बाई रोज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, जिला घरातली माणसं हसून शुद्धलेखनाची पोलीस म्हणतात, तिनं तो कागद न वाचता पुढे ढकलला होता.

न वाचता, हे तिला मान्य करावं लागलं. मार्चच्या शेवटी दानम्मांचा फोन आला होता, "ताई, आभाळ फाटून पडला हो, पत्रे सगळे चाळणी झाले," आणि त्याच संध्याकाळी लुंबिनीनं पॉलिसीची फाइल काढली. दादांनी ती अशी लावून ठेवली होती की कुणा आंधळ्यानंही उघडावी आणि कागद हाती लागावा. दरवर्षीची पावती, दरवर्षी दिवाळीनंतर काढलेला छताचा एक फोटो, मागे तारीख. दाव्याचा कोरा फॉर्मसुद्धा कधीतरी आणून ठेवलेला. तिनं पेन उघडलं. पहिल्याच रकान्यात छापलं होतं: विमाधारक हयात / मयत, लागू नसेल ते खोडावे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दादा सकाळी आठ वाजून गेले तरी उठले नव्हते. त्यानंतर तिनं पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. नगरपालिकेच्या, स्मशानाच्या, पेन्शनच्या. पण तिथे सगळीकडे शब्द दुसऱ्यांनी लिहिलेले असत, तिनं फक्त खाली सही केली होती. खोडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पेन बंद केलं आणि दानम्मांना फोन लावला. मावशी, तुम्ही पाहिलंय, तुम्हीच अर्ज लिहा, मी नुसतं काय लिहू. हे ऐकायला किती न्यायाचं वाटत होतं. दानम्मा म्हणाल्या, "माझं मराठी असं, ताई." ती म्हणाली, असू द्या, साहेबांना कळतं. तो रकाना तसाच, दोन्ही शब्द शाबूत ठेवून, तिनं फॉर्म पाठवून दिला होता. कंपनीनं त्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिनं आदर्शला, पुण्यातल्या धाकट्या भावाला, सांगितलं. तो वाईट मुलगा नव्हता, घाईतला होता. "ताई, आपलं ठरलं होतं ना," तो म्हणाला. "विम्यातून छत झालं तर घर ठेवायचं. नाही तर विकायचं. आपण दोघंही तिथं राहणार नाही. गिऱ्हाईक आहे प्लॉटला, मे-अखेरपर्यंत थांबतो म्हणतोय." ती म्हणाली, आणि दानम्मा? "त्यांना सांगायचं मला पण जड जाईल," तो म्हणाला, "पण सांगायचं तूच, कारण तू मोठी." दानम्मा त्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं डबे करत होत्या, क्लासच्या पोरापोरींचे. लातुरात जूनला नवी बॅच येते. आई-बाप पोराला खोलीत सोडतात, क्लासची फी भरतात आणि मग डब्याची चौकशी करत गल्लीबोळ हिंडतात. जूनआधी छत झालं नाही तर ते आई-बाप दुसऱ्या दाराशी जाणार होते. सध्या दानम्मा ताडपत्री बांधून, पुढच्या खोलीत शेगडी आणून, निम्मे डबे करत होत्या. त्यांनी याबद्दल एकदाही तक्रार केली नव्हती. तेच लुंबिनीला जास्त टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लातूरच्या शाखेत फोन केला. स्वप्नाली नावाच्या तिथल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा तिला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात लपवलं. "मॅडम, सॉरी हां. पण गारा म्हणजे मलाबी पहिल्यांदा मातीच वाटली असती. आमच्या आजीच्या घराचा असाच पडला होता." मग ती गंभीर झाली. पुन्हा पाहणी लावता येईल, सर्व्हेअर शनिवारी येतील, पण दोन गोष्टी लागतील. विमाधारकाची वारस समक्ष हजर, फॉर्म नीट भरलेला. आणि गारपिटीचा पुरावा. "कारण त्या तारखेला तहसीलच्या नोंदीत गारपीट न्हाई, मॅडम. पाऊस हाय, चार मिलिमीटर. गारा न्हाईत." लुंबिनी म्हणाली, गारा अशा सगळीकडे पडत नाहीत. एका गल्लीत पडतात, पलीकडच्या गल्लीत लोक अंगण झाडत असतात. "ते खरंय, मॅडम," स्वप्नाली म्हणाली, "पण ते लिहून कोण देणार?" फोन ठेवल्यावर लुंबिनीच्या लक्षात आलं की गल्लीचं ते वाक्य तिचं नव्हतं, दादांचं होतं.

शनिवारी ती पहाटेच्या लातूर गाडीत बसली. लोह्यापर्यंत खिडकीतून गार वारा येत होता, पुढे तो नुसता वारा झाला आणि अहमदपूरला बसस्थानकात उतरून तिनं चहा घेतला तेव्हा ऊन चटका द्यायला लागलं होतं. दादा दर महिन्याला याच गाडीनं जात, खिडकीच्या बाजूला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, आणि तिला कधीच कळलं नव्हतं की भाड्यासाठी म्हणून जाणारा माणूस परत येताना इतका हलका कसा असतो. पिशवीत दानम्मांनी दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या असत. तिला आठवलं, पहिल्या वर्षी दानम्मा त्यांच्या हातचा चहा घेत नसत. गल्लीतल्या दुसऱ्याही बायका घेत नसत, तेव्हा ते नवं नव्हतं. दादा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जाताना फक्त स्वतःचा डबा बरोबर नेत आणि ओसरीवर बसून खात. दुसऱ्या वर्षी कधीतरी दानम्मांनी बाहेर येऊन विचारलं होतं, आण्णा, डब्यात काय आणलासा? आणि दादांनी झाकण उघडून दाखवलं होतं, अंबाडीची भाजी. दानम्मा म्हणाल्या होत्या, इतका आंबट? मला दे थोडा. हे दादांनी घरी आल्यावर जसंच्या तसं, त्या 'इतका आंबट'सकट, करून दाखवलं होतं आणि नंतर चष्मा पुसत बसले होते. तेव्हापासून ते घर भाड्याचं राहिलं नाही. म्हणजे भाडं येत होतं, पण कारण दुसरं झालं होतं.

चाकूरच्या पुढे तिला डुलकी लागली आणि जाग आली ती रेणापूरच्या तहसीलच्या आवारात, किंवा तसं वाटलं. तारेच्या कुंपणाचा चौकोन, मध्ये पर्जन्यमापक, आणि सकाळी बरोबर आठला दादा आत शिरताहेत. तालुक्याचा पाऊस मोजायचं काम पगाराच्या मानानं किरकोळ होतं, मूळ काम आवक-जावकचं, पण त्यांनी ते एकवीस वर्षं असं केलं की जणू पाऊस त्यांच्या सहीशिवाय पडलेला धरला जाणार नाही. काचेचं मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, खाली वाकून, श्वास रोखून. लहानपणी ती कुंपणाबाहेरून बघायची. एकदा गारा पडल्या होत्या. नरसाळ्यात पांढरा ढीग. दादांनी ते भांडं आत आणलं आणि गारा वितळायची वाट बघत बसले, नियमच तसा होता, वितळवून मोजायच्या. ती म्हणाली, पण मग ते पाणी झालं ना. ते म्हणाले, हो, आकड्यात पाणीच होतं. मग नोंदवहीतल्या शेवटच्या, सर्वांत अरुंद रकान्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा शेरा. गार कुठं राहिली तर इथं राहती. त्या वर्षी तो शेरा त्यांनी लिहिला. पण त्यानंतर काही वर्षांनी ते तिच्या दहावीच्या परीक्षेसाठी रजेवर होते, आणि बदलीच्या माणसानं नुसता आकडा मांडला. सहा मिलिमीटर. शेरा कोरा. पुढे पंधरा दिवसांनी लोक येऊन भरपाईसाठी नोंद मागू लागले, कुणाचे पत्रे गेलेले, कुणाच्या म्हशीचं शिंग मोडलेलं, आणि दादांना वही उघडून त्यांना सहा मिलिमीटर दाखवावे लागले. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. कुणी दिला नाही. पण नंतर आयुष्यभर, लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात, गारांचा विषय निघाला की ते लोकांना काहीतरी सांगत असत, अगदी आग्रहानं, आणि लुंबिनीला त्याची थोडी लाज वाटे. काय सांगत ते तिनं कधी नीट ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची वाक्यं आपण सुरुवात ऐकून शेवट धरून चालतो.

लातुरात उतरली तेव्हा जयंतीचे निळे झेंडे चौकाचौकांत अजून होते, उन्हानं कडक झालेले. रिक्षावाल्यानं आपण होऊन क्लासच्या रस्त्यानं घेतली आणि बोर्डांवरच्या हसऱ्या मुलांचे फोटो दोन्ही बाजूंनी जात राहिले. घराच्या ओसरीवर दानम्मा वाट बघत उभ्या होत्या. फेब्रुवारीत त्या नांदेडला येऊन गेल्या होत्या, दादांच्या पुण्यानुमोदनाला, कोपऱ्यात बसून, कुठे काय म्हणायचं ते माहीत नसताना शेवटपर्यंत हात जोडून. तेव्हा गर्दीत बोलणं झालं नव्हतं. आताही झालं नाही. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "वाळून गेलासा हो. तिकडं जेवण करून राहिलासा का न्हाई?"

"करते, मावशी."

"करत असला तर दिसला असता," असं म्हणून त्या आत गेल्या.

छत गेल्यापासून स्वयंपाकघर तिनं प्रथमच पाहिलं. ताडपत्री निळी होती, त्यामुळे आत सगळं निळं दिसत होतं: ओटा, पितळी घागर, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या पत्र्याच्या तुकड्यांची रांग. दानम्मांनी तुकडे फेकले नव्हते. एकावर एक, मोठ्यापासून लहानापर्यंत, जणू भाकऱ्यांची चळत. लुंबिनी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला काय म्हणायचं होतं ते तिनं म्हणून टाकलं, फार सरळ: कंपनीनं नाही म्हटलंय, अर्जातल्या शब्दामुळे, आणि चूक माझी आहे, मी वाचायला हवा होता. दानम्मा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी काय लिहिला?"

"गारा पडला, असं."

"मग? पडला की."

"पडल्या, मावशी. त्या. गार ती."

"दगड ती कशी होतंय?" दानम्मा म्हणाल्या. "आमच्यात आलिकल्लू म्हणतेत. कल्लू म्हंजे दगड. टाळक्यात बसला म्हंजे कळतंय तो हाय का ती." आणि पदर तोंडाला लावून हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "माझ्या एका शब्दानं आण्णाचं घर जातंय का, ताई?"

लुंबिनी नाही म्हणाली, पण ते किती खरं होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि दानम्मांनाही ते दिसलं.

सर्व्हेअर अकराला आले. सुदर्शन नाव, पस्तिशीचे, गळ्यात रुमाल, हातात टेप आणि मोबाइल. त्यांनी आधी गार पाणी मागितलं, मग पायऱ्या नसलेल्या मागच्या भिंतीला शिडी लावून वर गेले. वरून त्यांचा आवाज येत होता, कुणाशी नव्हे, स्वतःशी: "भोक... भोक... हे पण भोक." खाली आल्यावर त्यांनी टेप गुंडाळली. "भोकं गोल हायत, तुकडे आत पडलेत. शेजारच्या टाकीच्या झाकणावर पोचे हायत. मला वैयक्तिक विचाराल तर गाराच. पण मॅडम, माझ्या वैयक्तिकला वर किंमत न्हाई. आधी फाइलवर माती पडलेली हाय. त्या मातीवर मला काहीतरी ठेवावं लागल. त्या दिवशीचा फोटो? व्हिडिओ?"

"फोनला पाणी गेला होता," दानम्मा म्हणाल्या. "बंद."

"मग अवघड झालं, मावशी."

निळ्या उजेडात लुंबिनीला वाटलं की हे आपल्याला आधीपासून माहीत होतं: शेरा कोरा, आकडा पाण्याचा, आणि वही उघडून दाखवणारा माणूस या वेळी आपण. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. तिनं आदर्शचा विचार केला, मेच्या शेवटाचा विचार केला, आणि मग नुसत्या ओट्याच्या कडेचा, जिथे अकरा वर्षांच्या परातीनं एक गुळगुळीत खळगा पाडला होता.

"गारा दाखवलं तर चालंल का?" दानम्मांनी विचारलं.

सुदर्शन म्हणाले, "तेच म्हणतोय की मी. फोटो."

"फोटो न्हाई. गारा."

त्या पुढच्या खोलीत गेल्या. फ्रिजचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, आतल्या कप्प्याचा बर्फ खरवडल्याचा आवाज आला, आणि त्या एक स्टीलचा डबा घेऊन परत आल्या, चपट्या झाकणाचा, प्रवासाचा. लुंबिनीनं तो ओळखला. अंबाडीच्या भाजीचा. दादांचा. "इथंच ठेवून गेले होते मागच्या खेपेला," दानम्मा तिच्याकडे न बघता म्हणाल्या आणि झाकण काढलं. आत, पांढऱ्या धुरात, सात-आठ गारा होत्या. मोठ्या बोराएवढ्या. "लिंबाएवढे होते. बारीक झाले. दोनदा वीज गेला, तवा डेरीवाल्याच्या डीप फ्रिजात नेऊन ठेवले. तो म्हणतो, मावशी, काय सोनं हाय का. मी म्हणलं, हाव."

सुदर्शननी डब्यात डोकावलं, मग दानम्मांकडे पाहिलं. "मावशी, हे कुणी सांगितलं तुम्हाला ठेवायला?"

"आण्णानी. दर खेपेला सांगायचे. गारा पडला की आधी देवाला हात जोडू नको, दोन-चार उचल आन् फ्रिजात टाक. साहेब येऊन सही करेपर्यंत टाकायचं न्हाई. कागदात त्याचं पाणी करतेत लोक, म्हणायचे."

हेच सांगत होते ते. लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात. लुंबिनीनं ओट्याला हात टेकला. वीस वर्षं ती ज्या वाक्याचा शेवट धरून चालली होती ते इतकं साधं होतं, आणि ते ऐकून घेणारं एक माणूस त्यांना मिळालं होतं.

सुदर्शन मान खाजवत होते. "मानलं," ते म्हणाले. "पण वरचे लोक म्हणणार, हा फ्रिजचाच बर्फ न्हाई कशावरून? मी तरी काय सांगू?"

दानम्मांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ते क्लासचं पोर आहेत आणि त्यांनी मीठ कमी आहे म्हटलंय. त्यांनी पाट ओढला, विळी उघडली, एक गार चिमटीत धरून पात्यावर ठेवली आणि वरून तळहातानं दाबली. कट्‌ असा आवाज झाला. दोन भाग झाले. त्यांनी एक अर्धा सुदर्शनच्या पुढे केला. मधोमध एक दुधी ठिपका होता आणि त्याभोवती कड्या, एक पांढरी, एक पारदर्शक, पुन्हा पांढरी, पुन्हा पारदर्शक, चिरलेल्या कांद्यासारख्या. "हे फ्रिज करतो का?" दानम्मा म्हणाल्या. "वर-खाली, वर-खाली फिरून एक-एक साल चढतंय त्याला. आण्णानी शिकवला. आता काढा फोटो. हात कापायला लागला माझा गारठ्यानं."

सुदर्शननी फोटो काढला. मग पट्टी ठेवून काढला, मग माचिस ठेवून, मग विळीसकट. काढता काढता ते हसायला लागले आणि त्यांनी ते लपवलं नाही. "बारा वर्षं झाली या धंद्यात," ते म्हणाले, "पुरावा चिरून दिलेला पहिलाच." मग त्यांनी ओसरीवर बसून, रुमालानं कपाळ पुसत, अहवाल लिहायला घेतला आणि म्हणाले की आपण शिफारस करतो, पूर्ण छताची, आणि आता वरून 'नाही' येणार नाही, आलंच तर मी हा फोटो घेऊन स्वतः मुंबईला जातो. "फक्त फॉर्म तेवढा पूर्ण करा, मॅडम. पहिला रकाना तसाच राहिलाय. आणि खाली कारण एकदा तुमच्या हातानं लिहा, चांगल्या मराठीत."

फॉर्म तिच्या मांडीवर आला. तिनं आधी खालचं लिहिलं, कारण ते सोपं होतं. अरुंद रकाना होता, शेऱ्याचा असावा तेवढा. 'गारा पडल्या.' दानम्मा खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाल्या, "पडल्या," आणि थोड्या वेळानं, स्वतःशी, "बायकाच असणार. पुरुष इतका वेळ डब्यात बसला नसता." सुदर्शन अहवालावरून मान वर न करता हसले.

मग वरचा रकाना. हयात, मयत. गेल्या नोव्हेंबरात ती दादांना घेऊन बँकेत गेली होती, हयातीच्या दाखल्यासाठी. खिडकीतल्या माणसानं सवयीनं विचारलं, काका, हयात आहात ना? आणि दादा म्हणाले होते, सध्या तरी आहे, तसा शेरा मारून घ्या. रांगेतली सगळी म्हातारी माणसं हसली होती. तीही हसली होती. तिला वाटत होतं की हे आठवलं की हात उचलला जाणार नाही. पण पाटावर गारेचा दुसरा अर्धा वितळत होता, त्याच्या कड्या एकेक करून आत आत जात होत्या, आणि तिला कळलं की तिच्या मनात आत्ता जे आहे ते दुःख आहेच, पण त्याच्यावर दुसरं काही चढलेलं आहे, पातळ, पारदर्शक. या बाईनं दोनदा डेरीपर्यंत उन्हात नेलेला डबा. त्या माणसानं एका कोऱ्या रकान्याची आयुष्यभर बाळगलेली लाज. आपल्या छपरावर कुणीतरी इतकी वर्षं लक्ष ठेवून होतं, आणि तो माणूस गेल्यानंतरही ते लक्ष कुणी सोडलं नव्हतं. तिनं पेन उघडलं. दादांनी तिला शाळेत असताना शिकवलं होतं की सरकारी कागदावर चुकलं तर गिरवायचं नाही, रबर लावायचा नाही, काळं करायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खोडलेलं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली छोटी सही. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की इथं आधी काय होतं.

तिनं 'हयात'वर एक आडवी रेघ मारली, पट्टीनं मारल्यासारखी सरळ, आणि कागद थोडा लांब धरून पाहिला. वाचता येत होतं. तिनं बाजूला छोटी सही केली.